सपाट थराचा द्रोण

पंगतीत पत्रावळीवर भात वाढता येतो, आमटी वाढता येत नाही. आमटीला द्रोण लागतो. पान तेच पळसाचं, जाडीही तीच. कडा उचलून एकमेकींवर घेतल्या आणि काडीने टाचल्या की सपाट पानाला पोट येतं आणि त्यात पातळ पदार्थ राहतो. द्रोण लावणारी बाई पान कोरत नाही, पानावर पान रचून भिंत बांधत नाही. ती फक्त वाकवते, आणि वाकवलेलं नेमकं कुठे टाचायचं ते तिला ठाऊक असतं.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत काही प्रयोगशाळा हेच काम शिकल्या आहेत. त्यांचं पान म्हणजे सिलिकॉनचा, धातूचा किंवा प्लास्टिकचा पातळ थर. जाडी एक मायक्रोमीटरच्या आसपास, कधी त्याच्या शंभराव्या भागाइतकी. माणसाचा केस साधारण ७० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, यावरून अंदाज यावा. अशा थरापासून नळ्या, पिंजरे, मळसूत्रं, टोपल्या, फुलं तयार होतात आणि ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. त्यामागची युक्ती मला मनापासून आवडते. थर बनवणाऱ्यांनी ज्या ताणाला पिढ्यानपिढ्या शत्रू मानलं, त्याच ताणाला इथे मजुरीला लावलं आहे.

आधी सपाटच का?

थेट त्रिमितीयच का बनवू नये, थ्री-डी प्रिंटर आहेत की, असं कुणीही विचारेल. लेझरने द्रवरूप रेझिनमध्ये बिंदू-बिंदू घट्ट करत मायक्रोमीटरच्या मापाच्या कोरीव वस्तू छापता येतात, हे खरं. पण ते काम संथ चालतं आणि हाती बहुतेक वेळा प्लास्टिक लागतं. ज्या सिलिकॉनवर आपलं सगळं इलेक्ट्रॉनिक्स उभं आहे त्याचे अणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच शिस्तीत बसलेले असावे लागतात. असा एकसंध स्फटिक नळीच्या तोंडातून पिळून काढता येत नाही. तो वितळलेल्या सिलिकॉनमधून सावकाश वर ओढून वाढवावा लागतो, मग त्याच्या चकत्या कापायच्या. याच चकत्यांना वेफर म्हणतात. मोठ्या कारखान्यांतला वेफर ३०० मिलिमीटर व्यासाचा आणि जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो.

पुढचं सगळं काम वरून होतं. वर थर चढवायचा, प्रकाशाने नक्षी उमटवायची, नको तो भाग रसायनाने खाऊन टाकायचा, पुन्हा थर. प्रकाश नेमका एका पातळीवर एकवटलेला असतो म्हणून त्या पातळीवर नॅनोमीटरची अचूकता मिळते. मजल्यावर मजले चढवता येतात, आजच्या मेमरी चिपमध्ये शेकडो थर असतात. पण हा मजल्यांचा ढीग झाला. त्यातून मधोमध पोकळ कमान, आतून वायरी गेलेला पिंजरा किंवा हवेत तरंगणारं मळसूत्र मिळत नाही.

म्हणून उलटा विचार झाला. सपाट बनवण्यात माणूस पारंगत आहे, तर सगळं सपाटच बनवू, आणि अगदी शेवटी एका झटक्यात उभं करू.

पापडाच्या कडा

उन्हात घातलेल्या पापडाची वरची बाजू आधी सुकते आणि आकसते. खालची अजून ओली, ती आकसायला तयार नसते. या ओढाताणीत पापडाच्या कडा वर येतात. त्याला बाहेरून कुणी वाकवलेलं नाही. दोन बाजूंचं आकसण्याचं माप जुळलं नाही, एवढंच.

धातूचा थर काचेवर किंवा सिलिकॉनवर चढवला की असंच होतं. थर गरम असताना बसतो आणि थंड होताना खालच्या पृष्ठभागापेक्षा जास्त किंवा कमी आकसतो. कधी अणू घाईघाईने येऊन बसतात आणि मध्ये फटी राहतात. त्या फटी मिटवायला थर आतून खेचत राहतो. पण खाली तो घट्ट चिकटलेला असतो, त्यामुळे आकसायची इच्छा मनातच राहते. ही अडलेली इच्छा म्हणजेच थरातला ताण. तो फार वाढला तर थराला तडे जातात किंवा थर सुटून गुंडाळला जातो.

१९०९ साली जी. जी. स्टोनी यांनी हाच उपद्रव मोजला. विजेच्या साहाय्याने धातूवर निकेलचा मुलामा चढवला आणि तो जाड झाला की सुटतो, सुटताना त्याची भेंडोळी होतात, हे तेव्हा ठाऊक होतं. स्टोनींनी पोलादाच्या पातळ पट्टीच्या एकाच बाजूला निकेल चढवलं, पट्टी किती वाकली ते पाहिलं आणि त्या बाकावरून थरातला ताण काढण्याचं सूत्र मांडलं. आजही वेफर किती वाकलाय ते लेझरने मोजून त्यांचंच सूत्र लावतात. शंभर वर्षांतलं बहुतेक काम हा ताण कमी कसा करायचा यावर झालं. भेंडोळं दिसलं की नमुना फेकून द्यायचा.

त्या भेंडोळ्याकडे वेगळ्या नजरेने पाहण्याआधी एक हिशोब करायला हवा, कारण सगळी गंमत त्यात आहे. सिलिकॉन ठिसूळ असतं. वाकवताना त्याची बाहेरची बाजू किती टक्के ताणली जाते हे जाडी आणि वळणाची त्रिज्या यांच्या प्रमाणावर ठरतं: जाडी भागिले त्रिज्येची दुप्पट. पाऊण मिलिमीटरचा वेफर १० सेंटिमीटर त्रिज्येत वाकवला तर बाहेरची बाजू सुमारे ०.४ टक्के ताणली जाते. आणखी थोडं वाकवलं की तो काचेसारखा फुटतो. आता एक मायक्रोमीटर जाडीचा थर घ्या. तेवढेच ०.४ टक्के होईपर्यंत त्याला सुमारे ०.१३ मिलिमीटर त्रिज्येत वळवता येतं, म्हणजे जाडसर दोऱ्याभोवती गुंडाळता येतं. पदार्थ तोच, ठिसूळपणाही तोच. आणि वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाप्रमाणे कमी होतो. जाडी दहापट कमी केली तर वाकवण्याला होणारा विरोध हजारपट घटतो. म्हणून थरात अडकलेला जरासा ताणही त्याला उचलायला पुरतो. जाड फळीला जे कधी जमणार नाही, ते पातळ पापुद्र्याला सहज जमतं.

सुटलं की गुंडाळलं

सर्वांत सरळ रीत गुंडाळण्याची. २००० साली रशियातल्या नोवोसिबिर्स्कमध्ये व्हिक्टर प्रिन्झ यांच्या गटाने आणि २००१ मध्ये जर्मनीत ऑलिव्हर श्मिट आणि कार्ल एबर्ल यांनी ती मांडली. गॅलियम आर्सेनाइड आणि इंडियम आर्सेनाइड या दोन स्फटिकांतलं अणूंमधलं अंतर सारखं नसतं, सुमारे सात टक्क्यांचा फरक असतो. गॅलियम आर्सेनाइडच्या वेफरवर आधी एक बळीचा थर चढवायचा, म्हणजे पुढे विरघळवून टाकायचाच थर. त्यावर इंडियम मिसळलेला थर, आणि त्यावर शुद्ध गॅलियम आर्सेनाइडचा. मधल्या थराला पसरायचं असतं, पण खालच्या वेफरने त्याला दाटीने बसवलेलं असतं. बळीचा थर आम्लात विरघळला की जोडी मोकळी होते. मधला थर पसरतो, वरचा त्याला अडवतो, आणि दोघं मिळून वरच्या बाजूला गुंडाळली जातात. चटई गुंडाळावी तशी नळी तयार. थर जितके पातळ आणि मापांतला फरक जितका मोठा, तितकी नळी बारीक. अगदी काही नॅनोमीटर व्यासाच्या नळ्याही अशा करता आल्या.

गुंडाळण्याचा पहिला फायदा जागेचा. चिपवरच्या तारेच्या वेटोळ्याला, म्हणजे इंडक्टरला, सपाट असताना ऐसपैस जागा लागते. रेडिओच्या चिपमध्ये ही वेटोळी डोळ्यांत भरतील इतकी मोठी असतात. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिउलिंग ली यांच्या गटाने सपाट थरावर धातूच्या पट्ट्या आखल्या आणि थर गुंडाळून घेतला. पट्ट्या नळीत आपोआप वेटोळ्यासारख्या बसल्या आणि वेफरवरची जागा कितीतरी कमी लागली. शिवाय चुंबकीय क्षेत्र आता नळीच्या आत, वेफरला समांतर राहतं. सपाट वेटोळ्याचं क्षेत्र खाली सिलिकॉनमध्ये घुसून वाया जायचं, तेही बरंच टळलं. श्मिट यांच्या गटाने याच रीतीने सूक्ष्म बॅटऱ्या गुंडाळल्या, म्हणजे एक चौरस मिलिमीटरपेक्षा कमी जागेत मोठ्या पृष्ठभागाचे विद्युतअग्र (इलेक्ट्रोड). त्यांचं आणखी एक काम मला विशेष वाटतं. नळीच्या आत प्लॅटिनमचा थर ठेवायचा आणि ती हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात सोडायची. प्लॅटिनममुळे पेरॉक्साइडचं विघटन होतं, ऑक्सिजनचे बुडबुडे नळीच्या एका तोंडातून बाहेर पडतात आणि नळी उलट दिशेला धावते. इंजिन म्हणावं असा एकही भाग त्यात नाही.

फ्रॉकच्या चुण्या

ज्यांच्या घरी शिवणयंत्र होतं त्यांनी हे पाहिलं असेल. फ्रॉकच्या कंबरेला इलॅस्टिक लावताना शिवणारी ते ताणून धरते आणि ताणलेल्या अवस्थेतच कापडावर टाके घालते. यंत्राखालून बाहेर येताच इलॅस्टिक मूळ लांबीवर येतं आणि कापडाला एकसारख्या चुण्या पडतात. कापड आकसू शकत नाही. त्याला मोकळी एकच दिशा असते, वर. चुण्या कुठे पडणार हे टाक्यांनी ठरतं.

अमेरिकेतले संशोधक जॉन रॉजर्स, योंगांग ह्वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेली रीत ही अशीच आहे, आणि या क्षेत्रातली मला तरी सर्वांत देखणी वाटते. सिलिकॉनचा पातळ थर आधी वेफरवरच हव्या त्या सपाट आकृतीत कापून घेतात. नागमोडी पट्टी, चांदणी, जाळी, काहीही. त्यावरच जिथे टाके हवेत तिथे छोट्या चकत्या आखलेल्या असतात. मग खालचा ऑक्साइडचा थर विरघळवतात आणि ही आकृती मऊ शिक्क्याने उचलून सिलिकॉन रबराच्या ताणून धरलेल्या तुकड्यावर ठेवतात. (सिलिकॉन स्फटिक वेगळा आणि सिलिकॉन रबर वेगळं. मराठीत दोन्ही एकाच नावाने येतात, म्हणून सांगितलं.) चकत्यांच्या पृष्ठभागावर अतिनील किरण आणि ओझोन यांची प्रक्रिया केलेली असते, त्यामुळे त्या रबराशी रासायनिक बंधाने पक्क्या जोडल्या जातात. बाकीची आकृती रबरावर नुसती टेकलेली राहते. आता रबर हळूहळू सोडायचं. चकत्या एकमेकींजवळ सरकतात, मधल्या पट्टीला लांबीत आकसणं शक्य नसतं, आणि ती रबरावरून सुटून वर उठते.

सगळी आकृती एकाच वेळी उठते. नागमोडी पट्टी वळणांवर टाचलेली असेल तर तिचं मळसूत्र होतं. गोलात मांडलेल्या पट्ट्यांची टोकं बाहेरून टाचली तर टोपली होते. त्या पहिल्याच शोधनिबंधात चाळीसहून अधिक आकार होते: दुहेरी मळसूत्रं, शंकूसारखी वेटोळी, पिंजरे, कुंपणं, फुलं. रबर एकाच दिशेला ताणायचं की दोन्ही दिशांना, यावरही आकार बदलतो. आणि रबर पुन्हा ताणलं की सगळं परत सपाट.

रुंद पापुद्रा मात्र असा नीट उठत नाही. तो एका जागी चुरगळतो, तिथला ताण वाढतो आणि तडा जातो. त्यावर उपाय शाळेतल्या कंदिलाचा. घोटीव कागदाला समांतर चिरा देऊन वरून खाली दाबलं की पट्ट्या डौलदार फुगतात. चिरा न देता दाबलं की कागद चेपतो. २०१५ मध्येच याच गटाने थराला चिरा देण्याची रीत मांडली. चिरेमुळे पदार्थ वाकायला मोकळा होतो आणि फुटण्याइतका ताण एका जागी साठत नाही. कागद कापून आकार उभे करण्याच्या जपानी कलेवरून या रीतीला किरिगामी म्हणतात.

हे सगळं चुकत-माकत होत नाही. सपाट आकृती, टाक्यांच्या जागा आणि रबराचा ताण दिला की संगणक उभा राहणारा आकार आधीच काढून देतो आणि प्रत्यक्षात जवळपास तसाच येतो. उलटं गणित, म्हणजे हवा तो आकार सांगून त्याची सपाट आकृती मागणं, जास्त अवघड आहे. चोळी शिवणाऱ्याला अंगाचं माप घेऊन कापड बेतावं लागतं, तसंच ते.

याचा सर्वांत हृद्य उपयोग मेंदूच्या पेशींच्या अभ्यासात झाला. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत मेंदूच्या ऊतीचे बारीक गोळे वाढवतात. आजार कसा सुरू होतो आणि औषध काय करतं, हे त्यांच्यावर पाहता येतं. पण विजेचे संकेत टिपणारे अग्र सपाट काचेवर असतात आणि गोळा गोल. काचेला टेकलेल्या बुडाचेच संकेत कळतात, बाकी गोळा मुका राहतो. २०२१ मध्ये रॉजर्स यांच्या गटाने अशा गोळ्याला अलगद कवेत घेणारी टोपली केली. तिच्या पाकळ्यांवर विद्युतअग्र होते, जोडीला छोटे दिवे आणि तापमापकही. गोळ्याच्या सगळ्या बाजूंनी एकाच वेळी संकेत टिपता आले. अशी टोपली छापून मिळाली नसती, कारण पाकळीच्या आतल्या वायरी सपाट असतानाच घालाव्या लागतात.

बिजागऱ्या

तिसरी रीत घड्यांची. १९९२ मध्ये क्रिस्टोफर पिस्टर आणि त्यांच्या बर्कलीतल्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या सूक्ष्म बिजागऱ्या दाखवल्या. पण त्यावरचे तुकडे सुईने एकेक करून उभे करावे लागत. पुढे बिजागरीच्या जागी सोल्डर, म्हणजे डाख, ठेवायची कल्पना आली. अळूच्या पानावरचा थेंब गोल होतो, तसा वितळलेला डाखही गोल व्हायला पाहतो आणि तसं होताना शेजारच्या दोन पाट्या ओढून उभ्या करतो. क्रॉसच्या आकारात सहा चौकोन मांडायचे, गरम करायचं, की ठोकळा बंद. खरगपूर आयआयटीत शिकलेले डेव्हिड ग्रेशियस यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात असे कितीतरी डबे केले.

त्यांचे चिमटे मात्र ताणावरच चालतात. चांदणीच्या आकाराची ही वस्तू असते. तिच्या पाकळ्यांच्या सांध्यात ताणलेला धातूचा थर आणि त्याला धरून ठेवणारा पॉलिमर असतो. थंड असताना पॉलिमर कडक, म्हणून चांदणी उघडी. शरीराच्या उबेने तो मऊ पडतो आणि धातू पाकळ्या मिटवतो. मिटताना ऊतीचा कण चिमटीत सापडतो. बॅटरी नाही, वायर नाही. डुकरांच्या पित्तनलिकेतून अशा रीतीने तपासणीचे नमुने काढून दाखवले गेले, आणि चिमटे परत गोळा करायला चुंबक वापरला. २०२० मध्ये याच गटाने आतड्याच्या अस्तराला धरून राहणारे चिमटे केले. कल्पना आकडीकृमीकडून, म्हणजे हुकवर्मकडून, घेतली. आतडं सतत पुढे ढकलत असतं, त्यामुळे गोळी निघून जाते. धरून राहिलेला चिमटा औषध हळूहळू सोडतो. उंदरांमध्ये वेदनाशामक औषध अशा रीतीने रक्तात जास्त वेळ टिकलं.

त्याच वर्षी कॉर्नेल विद्यापीठातून चालणारे यंत्रमानव आले, ४० मायक्रोमीटर रुंद आणि ४० ते ७० लांब. त्यांचे पाय सुमारे ७ नॅनोमीटर जाडीच्या प्लॅटिनमचे, एका बाजूला टायटॅनियमचं अस्तर. पाण्यात थोडा विद्युतदाब दिला की आयन, म्हणजे विद्युतभारित कण, प्लॅटिनमच्या उघड्या बाजूला चिकटतात, ती बाजू किंचित फुगते आणि पाय वळतो. लेझरचा प्रकाश पाठीवरच्या सौरघटांवर आळीपाळीने पाडला की पुढचे आणि मागचे पाय हलतात. चार इंचांच्या एका वेफरमधून असे दहा लाखांहून अधिक निघाले. सपाट बनवून शेवटी उभं करण्याचा खरा नफा या आकड्यात आहे.

अडचणी

पहिली अडचण पाण्याची. बळीचा थर विरघळवल्यावर वस्तू धुऊन वाळवावी लागते. वाळताना पाण्याचा शेवटचा पापुद्रा थराला खाली ओढतो आणि थर पृष्ठभागाला कायमचा चिकटतो. ओल्या काचेवर प्लास्टिकचा कागद बसतो, तसा. म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाखाली असं वाळवतात की द्रव आणि वायू यांच्यातली सीमारेषाच उरत नाही, ओढायला पृष्ठताण नसतो. हे महाग पडतं. दुसरी अडचण रबराची. चुण्यांच्या रीतीत आकार रबराच्या जोरावर उभा असतो, पण कारखान्यातली पुढची तापमानं रबराला सोसत नाहीत. रबर काढून टाकायचं तर आकार दुसऱ्या कशाने तरी धरून ठेवावा लागतो. आणि ठिसूळ थर अनेक वेळा उघड-मीट केला तर किती टिकेल, हे प्रत्येक वस्तूसाठी वेगळं तपासावं लागतं.

चुण्यांच्या रीतीचं सर्वांत लांब पल्ल्याचं फळ झाडाकडून शिकून आलं आहे. आपल्याकडे माधवीलता, म्हणजे हळदवेल, हिच्या फळाला तीन पंख असतात. वाऱ्यावर ते भिंगरीसारखं फिरत सावकाश उतरतं. तिच्याच कुळातली ट्रिस्टेलेटिया ही वेल. तिच्या चांदणीसारख्या पंखांच्या बियांवरून रॉजर्स यांच्या गटाने २०२१ मध्ये सूक्ष्म उडते तुकडे बनवले. सर्वांत लहान तुकडे एक मिलिमीटरहून कमी मापाचे होते. सपाट कापलेले पंख रबरावर चुण्यांनी उभे केले, त्यांना तिरपं वळण आलं, आणि मधल्या चकतीवर इलेक्ट्रॉनिक घटक बसवले. वरून सोडले की ते फिरत हळू खाली येतात आणि खाली येताना हवेचं मोजमाप करू शकतात, असा हेतू. असे हजारो तुकडे शेतांवर, खाड्यांवर पडले तर ते उचलणार कोण, हा प्रश्न लगेच येतो. या गटाने २०१२ मध्ये सिलिकॉनचे अतिपातळ थर, मॅग्नेशियम आणि रेशीम वापरून पाण्यात विरघळणारी परिपथं केली होती. सिलिकॉनचा थर नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतका पातळ असेल तर तो दिवसा-आठवड्यांत पाण्यात विरून जातो. त्याच धर्तीवर आता पंखांसाठी विरघळणारे पदार्थ वापरले जात आहेत.